आत असेल त्याचा हुकूम

लिफ्टच्या कंपनीत त्या दोघींना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. नवा माणूस आला की त्याला वाटे, सख्ख्या बहिणी असतील. मग कोणीतरी सांगे, बहिणी कुठल्या, नणंद-भावजय आहेत, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होई. नणंद-भावजयींनी एका स्वयंपाकघरात भांडी न आपटता दिवस काढला तरी लोकांना नवल वाटतं. या दोघी तर लिफ्ट ज्यातून वर-खाली जाते त्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये एकमेकींच्या शब्दावर जीव टांगून रोज काम करत होत्या.

थोरली म्हणजे भावजय. अंगाने भक्कम, बोलायला कंजूष, हातात घेतलेला नट नीट बसल्याशिवाय जेवायला न उठणारी. धाकटी तिच्या नवऱ्याची बहीण. काटक, हट्टी, नाकावर माशी बसू न देणारी. थोरलीनेच तिला या धंद्यात आणलं, आणि तेव्हापासून ही जोडी कोणी फोडली नाही. फोडायची कोणाची छातीही नव्हती.

या धंद्यात एक नियम आहे. एकजण लिफ्टच्या टपावर चढतो किंवा खाली खड्ड्यात उतरतो, आणि दुसरा वर मशीनरूममध्ये पॅनेलपाशी उभा राहतो. आत असेल त्याचा हुकूम. आतला ‘वर’ म्हणाला, तर बाहेरच्याने ‘वर’ असं मोठ्याने परत म्हणायचं आणि मगच बटण दाबायचं. आतला गप्प असेल तर पॅनेलला बोटसुद्धा लावायचं नाही. स्वतःचं डोकं चालवायचं नाही, आणि साहेब येऊन बोंबलला तरी हलायचं नाही. एकदा थोरली खड्ड्यात असताना इमारतीचा मॅनेजर वर येऊन धाकटीच्या अंगावर धावून गेला होता. लोक खोळंबलेत, लिफ्ट सुरू करा म्हणून. धाकटी पॅनेलला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी राहिली. “खालून शब्द येऊ दे,” एवढंच म्हणाली. थोरलीचं डोकं त्या वेळी बरोबर लिफ्टच्या तळाखाली होतं. तिने हे घरी कधी सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून धाकटीला सात खून माफ होते.

आता अशा बाईला पाण्याचा नाद लागला, आणि तोही साधा पोहण्याचा नाही. एका श्वासात खोल जायचं. पाठीवर हवेची टाकी नाही, तोंडात तिची नळी नाही. छातीभर हवा घ्यायची, दोराच्या कडेने खाली उतरायचं आणि तेवढ्याच हवेवर परत यायचं.

“खाली काय शांतता असते माहीत आहे, वहिनी?” ती सांगे. “घंटा नाही, फोन नाही. कोणी अडकलेलं नाही.”

थोरलीला खोल जायचं वेड नव्हतं. पण या खेळात एकट्याने पाण्यात उतरायचं नसतं. जोडीदार लागतोच, आणि नणंदेला दुसऱ्या कोणाच्या हवाली करायची तिची तयारी नव्हती. म्हणून तीही शिकली. दोघी एका सरांकडे जात, आधी तरणतलावात आणि मग गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत, जिच्यात वर्षानुवर्षं पाणी साचून स्वच्छ हिरवा डोह झाला होता. सरांचा आवाज बारीक होता, पण सुरक्षिततेचा विषय निघाला की ते खाष्ट सासूला मागे टाकत. मग सर मुलाकडे दूरच्या शहरात राहायला गेले, आणि गावात दुसरं शिकवणारं किंवा सोबत नेणारं कोणी उरलं नाही.

धाकटी तोवर चार मजले उतरली होती. मीटर-बिटर सरांसाठी, या दोघी खोली मजल्यांत मोजत. दोरावर दर मजल्याला रंगीत चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि दोराच्या टोकाला लिफ्टच्या जुन्या काउंटरवेटचा, म्हणजे तोल राखणाऱ्या वजनाचा, लोखंडी तुकडा बांधलेला. आता तिला सहावा मजला हवा होता. आणि धाकटीला काही हवं झालं की घरादाराला सुटका नसे.

“सर नाहीत तर नाहीत. आपण काय दूधपिती बाळं आहोत?” ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोपर टेकून म्हणाली. “नीट आखू आणि जाऊ.”

आखायचं म्हटल्यावर थोरली खुलली. आखणी हा तिचा प्रांत. समुद्र नको, खाणच बरी. लाटा नाहीत, होड्या नाहीत, प्रवाह नाही. वारा असेल त्या दिवशी जायचं नाही. गाडी रस्त्याकडे तोंड करून लावायची आणि किल्ली गाडीतच ठेवायची. फोनला रेंज फक्त वर कठड्यापाशी असते, म्हणून फोन तिथे दगडाखाली ठेवायचा. कमरेच्या पट्ट्यात वजन कमीच घालायचं, म्हणजे काही झालं तर अंग आपोआप वर तरंगेल. बुडी मारण्याआधी भराभरा श्वास ओढायचे नाहीत; त्याने दम जास्त पुरत नाही, नुसती दम संपल्याची जाणीव मरते. एक खाली तर दुसरी वर, दोघी एकदम खाली कधीच नाही. फक्त परतीच्या वेळी वरचीने दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरून खालचीला सामोरं जायचं आणि सोबत वर यायचं. दोन बुड्यांमध्ये भरपूर आराम, पोटभर कंटाळा येईल इतका.

“आणि वर आल्यावर अर्धं मिनिट मी तुझ्या तोंडाकडे बघणार,” थोरली म्हणाली. “तू काहीही म्हणालीस तरी.”

“काहीही म्हणजे?”

“सर म्हणायचे ना, माणूस वर येतो, ठीक म्हणतो, हसतोसुद्धा, आणि मग त्याची शुद्ध जाते. त्याचं त्याला कळत नाही.”

धाकटीने कप खाली ठेवला. “म्हणजे मी ठीक म्हटलं तरी तू मला खोटी धरणार?”

“खोटी नाही गं.”

“मग काय? वहिनी, इतकी वर्षं आपण कसं काम करतो? आत असेल त्याचा हुकूम. आत मी, हुकूम माझा. मी बोलले की तू करायचं, मी गप्प की तू हात लावायचा नाहीस. या नियमाने आपण दोघी जिवंत आहोत. तो सोडून आता पाण्यात नवा नियम शिकायचा आणि ऐन वेळी गोंधळ घालायचा?”

थोरली विचारात पडली. तिला ते पटलं. ऐन वेळी हात तेच करतात जे रोज करतात, हे तिला अनुभवाने माहीत होतं, आणि रोजचा नियम तर सोन्यासारखा होता. शाफ्टमध्ये जे खरं ते पाण्यात खोटं कसं असेल, असा विचार तिने केला. वास्तविक शाफ्टमधल्या माणसाचं डोकं ठिकाणावर असतं म्हणून त्याचा हुकूम चालतो, हे इतकं उघड होतं की दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. ज्या गोष्टीवर जीव तगला तिच्याकडे माणूस चिकित्सेने बघत नाही.

“बरं,” ती म्हणाली. “हुकूम तुझा. पण बघणार मी.”

“बघ की. बघायला कोण नको म्हणतंय?”

थोरलीचा नवरा बाजूला उभा राहून शर्टाला इस्त्री करत होता. त्याने इस्त्री उभी केली. “हे बघा, मला एकच बहीण आहे.”

“आणि बायका किती आहेत?” थोरलीने विचारलं.

“बायको वरच तरंगत असते, तिची काळजी नाही.” तो हसला, पण डोळ्यांत हसू पोचलं नाही. धाकटी उठून गेल्यावर तो हळूच म्हणाला, “वर तू आहेस ना?”

“आहे.”

“मग मी काही बोलत नाही.”

त्याने खरंच पुन्हा विषय काढला नाही, आणि थोरलीला तेच जड गेलं. भांडला असता तर बरं झालं असतं. नवऱ्याने आपली बहीण एका शब्दावर तिच्या हातात ठेवली होती, आणि तो हात चुकला तर त्या घरात तिने कोणत्या तोंडाने वावरायचं, हा विचार रविवारपर्यंत तिचा पिच्छा सोडेना.

रविवारी सकाळी खाणीवर चिटपाखरू नव्हतं. चहूबाजूंनी कापलेल्या दगडाच्या भिंती, मधे हिरवं स्थिर पाणी, एका कोपऱ्यात उतरायला उताराची वाट. थोरलीने गाडी कठड्याशेजारी वळवून लावली, फोन कठड्यावर ठेवला, रेंज आहे की नाही ते दोनदा बघितलं. मग दोघींनी ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब पाण्यात लोटली आणि तिच्या मधून दोर सोडला. लोखंडी तुकडा खाली गेला, एकेक पट्टी पाण्यात गडप झाली आणि सहाव्यानंतर हातभर दोर सोडून थोरलीने गाठ मारली. गाठ मारल्यावर ती तीनदा ओढून बघितली. पाणी अंगावरच्या जाड रबरी वेटसूटमधूनही हाडात शिरत होतं.

सुरुवातीच्या बुड्या झकास झाल्या. धाकटी तिसऱ्यापर्यंत गेली, आली. विश्रांती झाली. पाचव्यापर्यंत गेली, दोराला खालून झटका दिला, म्हणजे पोचले. थोरलीने श्वास घेतला, दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरली, आणि खालच्या हिरव्या अंधारातून पायांतले लांब फिन संथपणे हलवत येणारी नणंद बघून तिच्या जिवात जीव आला. दोघी सोबत वर आल्या. धाकटीने ट्यूबला धरलं, दोन-तीन दांडगे श्वास घेतले, अंगठा आणि बोट जुळवून खूण केली. “ठीक.”

“ठीक,” थोरली म्हणाली.

“काय दिसलं सांगू? काहीच नाही!” धाकटी खिदळली. “मस्त काहीच नाही!”

मग त्या ट्यूबला धरून तरंगत राहिल्या. विश्रांती. पोटभर कंटाळा येईल इतकी, असं ठरलं होतं. पण उन्हावर ढग आला, पाण्यावर बारीक शहारे उठले आणि धाकटीचे दात वाजायला लागले.

“जाते मी,” ती म्हणाली.

“अजून थांब. दम भरलेला नाही तुझा.”

“थंडीने आणखी जाईल. जाते.”

“जरा थांब गं. नाहीतर आज राहू दे.”

धाकटीने मास्क कपाळावरून डोळ्यांवर ओढला. “आत कोण?”

थोरलीने ओठ आवळले. “तू.”

“मग? जाते.”

“जा,” थोरली म्हणाली. नुसतं तोंडाने म्हणाली. आणखी एकदा थांब म्हणायला तिला शब्द सापडेना, कारण बाहेरच्या माणसाने थांब म्हणायचं नसतं. बाहेरच्या माणसाने ऐकायचं असतं. धाकटीने शेवटचा श्वास घेतला, कमरेत वाकली, फिन एकदा हवेत वर आले आणि गेली.

थोरलीने दोर दोन बोटांत धरला. तारेवर बोट ठेवून लिफ्टचं दुखणं ओळखणारी बाई ती. दोरातून तिला धाकटीची उतरण कळत होती. बारीक थरथर, मग नाही, मग पुन्हा. पाणी काचेसारखं स्वच्छ असूनही तिसऱ्या मजल्याखाली काही दिसत नव्हतं. थरथर थांबली. तेवढ्या खोल दाबाने अंग आपोआप खाली जातं; आता ती अंग सैल सोडून नुसती पडत असेल. थोरलीने स्वतःचे श्वास संथ ठेवले, जिवाच्या आकांताने संथ ठेवले. झटका का येत नाही? पाचव्याच्या वेळी इतका वेळ लागला होता का? तिला वाटलं, आपणच दोर हलवावा. पण आतून शब्द आल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि तिने बोटं सैल केली.

झटका आला.

थोरलीने श्वास घेतला आणि खाली गेली. नाक दाबून कान मोकळे करत, दोराच्या कडेने, दुसऱ्या पट्टीपर्यंत. तिथे थांबून तिने खाली पाहिलं. हिरवं, नुसतं हिरवं. मग त्यात एक गडद ठिपका, मग डोकं, मग धाकटी. फिन भराभर मारत होती. पाचव्याच्या वेळी संथ होती, आता घाईत होती. दोघी समोरासमोर आल्या. मास्कमागे धाकटीचे डोळे सताड उघडे होते, पण बघत होते. थोरली तिच्या तोंडासमोर राहून, एका हाताच्या अंतरावर, तिच्यासोबत वर निघाली. वर उजेड होता. पाणी फाटलं आणि दोघी बाहेर आल्या.

धाकटीने ट्यूबवर हात टाकला. श्वास घेतला. आणखी एक घेतला. अंगठा आणि बोट जुळवलं.

“ठीक,” ती म्हणाली.

“ठीक!” थोरली जवळजवळ ओरडली. काळजावरचा दगड उतरला होता. सहा मजले! झालं एकदाचं! आता घरी जायचं, नवऱ्याला सांगायचं, ही तुझी बहीण, मोजून घे.

“दोर ओढ,” धाकटी म्हणाली. आवाज स्पष्ट होता. रोजचा होता.

“दोर ओढते,” थोरली म्हणाली, आणि वळली.

हीच ती चूक. आळस नाही, निष्काळजीपणा नाही. शब्द आला, शब्द परत म्हटला, हात कामाला लागले. अर्धं मिनिट तोंडाकडे बघणार म्हणालेली बाई नणंदेकडे पाठ करून दोर ओढायला लागली, कारण आतून हुकूम आला होता. लोखंड जड होतं. हातावर हात टाकत ती ओढत राहिली, ते सहावा मजला सोडून पाचव्याकडे आलं असेल, आणि आपण खूश आहोत हे तिला जाणवत होतं.

“तुझ्या दादाला काय सांगायचं गं?” तिने न वळता विचारलं.

उत्तर आलं नाही.

थोरलीने मान वळवली. धाकटी ट्यूबच्या पलीकडे पालथी तरंगत होती. तोंड पाण्यात, पाठ वर, हात पसरलेले. खाली बघत असेल. दोर वर कसा येतो ते बघायला तिला आवडायचं. श्वासाची आखूड नळी तोंडात धरून, पाण्यात पडल्या पडल्या कितीतरी वेळ खाली बघत राहायची. थोरलीने आणखी एक हात दोर ओढला. गप्प आहे. गप्प असेल तर हात लावायचा नाही. ती बोलली होती, ठीक म्हणाली होती, दोर ओढ म्हणाली होती, आणि त्यानंतर काहीच म्हणाली नव्हती. म्हणजे दोर ओढ हाच शेवटचा शब्द, आणि नवा शब्द येईपर्यंत तोच चालतो. असं तिचं डोकं सांगत होतं, आणि तिचे हात आणखी एकदा दोरावर पुढे सरकले.

श्वास घ्यायची नळी धाकटीच्या तोंडात नव्हती. ती मास्कच्या पट्ट्याला लटकून बाजूला पाण्यावर डुलत होती.

थोरलीच्या पायांखालून जणू खालचं सगळं पाणीच गेलं. ओझं लागलेला दोर हातातून सोडायचा नाही, हा धंद्यातला दुसरा धडा. तिने दोर सोडला. लोखंड खाली गेलं, ट्यूब गचकन हलली. ती तिला ओलांडून पलीकडे गेली, धाकटीच्या खांद्याखाली हात घातला आणि तिला उताणी केली.

ओठ निळे-काळे. डोळे अर्धवट उघडे, आणि त्यांत धाकटी नव्हती.

“ए!” थोरली म्हणाली. हे चुकलं, हे काही म्हणायचं नव्हतं, तलावात शंभरदा घोकलं होतं. मास्क काढायचा. तिने मास्क ओरबाडून काढला. डोळ्यांवर फुंकर मारायची. तिने फुंकर मारली. गालावर थापट्या, आणि बोलायचं, सांगायचं, हुकूम द्यायचा. “श्वास घे. श्वास घे, ऐकतेस ना? श्वास घे!”

काही नाही. थापट्या. फुंकर. “श्वास घे म्हणते ना!”

काही नाही. दगडी भिंतींवरून तिचाच आवाज परत आला. तिने एका हाताने धाकटीची मान मागे कलती धरली, दुसऱ्या हाताने नाक दाबलं, तिच्या तोंडावर तोंड टेकवलं आणि आपल्या छातीतली हवा तिच्यात सोडली. थंडगार ओठ. पुन्हा सोडली. तिला नवरा आठवला नाही, घर आठवलं नाही, काहीच आठवलं नाही. देवा, एवढा एक श्वास घेऊ दे, एवढंच तिच्या सगळ्या अंगात भरलं होतं.

धाकटीच्या घशातून घोरल्यासारखा आवाज निघाला. छाती आचका देऊन वर आली. मग खोकला, आणि खोकल्याबरोबर पाणी आणि फेस, आणि मग मोठा, रडका, कर्कश श्वास. थोरली बोलत राहिली, “घे, आणखी घे, असाच घे.”

धाकटीच्या डोळ्यांत हळूहळू माणूस परत आलं. तिने वर पाहिलं, थोरलीकडे पाहिलं, कपाळाला आठ्या पाडल्या.

“हात कशाला लावलास?” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“ठीक म्हणालीस, खूण केलीस, आणि पालथी पडलीस,” थोरली म्हणाली आणि तिला ओढत काठापर्यंत नेलं. उतारावरून वर चढताना धाकटीला पाय टेकवत नव्हते, तरी जीभ चालूच होती. मी ठीक म्हटलं होतं. मी जरा पडले होते पाण्यात. तू घाबरट आहेस, वहिनी, तुला काही झेपत नाही. दोर कुठे आहे? लोखंड खाली सोडून आलीस? जा, घेऊन ये.

“राहू दे.”

“राहू दे कसं? मी सांगतेय ना, घेऊन ये. आत कोण होतं?”

“आत कोणी नव्हतं,” थोरली म्हणाली. तिने नणंदेला गाडीत बसवलं, ब्लँकेट गुंडाळलं, फोन उचलला आणि हॉस्पिटलला कळवलं की पाण्यात शुद्ध हरपलेली बाई घेऊन येतेय, पाणी पोटात आणि छातीत गेलेलं असेल. धाकटीने फोन हिसकायचा प्रयत्न केला. थोरलीने तिचा हात धरून जोरात खाली दाबला. आजवर तिने नणंदेला असा हात लावला नव्हता.

गाडी खाणीच्या कच्च्या रस्त्यावरून डांबरी रस्त्याला लागली. धाकटी खोकत होती, आणि खोकल्याच्या मधे मधे बोलत होती.

“मला सगळं आठवतंय. वर आले, ठीक म्हणाले, खूण केली. अजून काय हवं? उद्यापासून दुसरी जोडीदार शोध तू. आतल्याचा शब्द पाळता येत नसेल तर तुझ्या भरवशावर मी लिफ्टच्या टपावर कशी चढू?”

थोरलीने गियर बदलला. हे तिलाही कळत नव्हतं. उद्या धाकटी टपावर असेल, ‘खाली’ म्हणेल, आणि आपलं बोट बटणावर जाईल का? की आधी विचारेल, हे कोण बोलतंय? आतापर्यंत दोघींच्या मधे एक शब्द होता, आणि त्याच्यावर त्यांचं सगळं उभं होतं. तो आज खाणीत बुडाला होता. तिला एवढंच कळत होतं की नणंदेची बडबड चालू राहिली पाहिजे, कारण बोलतेय म्हणजे श्वास घेतेय.

“बोल,” ती म्हणाली. “आणखी शिव्या दे.”

धाकटीने दिल्या नाहीत. ती खिडकीबाहेर बघत राहिली. दुकानं सुरू झाली, सिग्नल आला, गेला.

“वहिनी,” ती म्हणाली. “मला वर आल्याचं आठवत नाही.”

थोरलीने रस्त्यावरून नजर हलवली नाही.

“मगाशी म्हणाले ते तू सांगितलंस म्हणून. थाप होती ती. तू मला दुसऱ्या मजल्यावर दिसलीस एवढं आठवतंय. मग एकदम तुझं तोंड, ओरडताना. मधलं काहीच नाही.” ती खोकली. “मी खरंच ठीक म्हणाले?”

“म्हणालीस. आणि दोर ओढ म्हणालीस. स्पष्ट म्हणालीस.”

“मग ते कोण म्हणालं?”

“माहीत नाही,” थोरली म्हणाली. “पण मी तिचं ऐकलं. तुझ्याकडे पाठ केली आणि तिचं ऐकलं.”

धाकटी घाबरली. उंच इमारतीच्या टपावर, बाराव्या मजल्याच्या पोकळीवर एका पायावर उभी राहून गाणं म्हणणारी बाई, तिची आत्ता पाचावर धारण बसली होती. तिने ब्लँकेट गळ्यापाशी घट्ट ओढलं.

“मग आता तूच सांग,” ती म्हणाली. असा आवाज कंपनीत कोणी कधी ऐकला नव्हता, घरातही नव्हता. “मी ठीक आहे का?”

थोरलीने गाडी हळू केली, कडेला घेतली, आणि नणंदेच्या तोंडाकडे पाहिलं. घाई न करता पाहिलं.

“अजून नाही,” ती म्हणाली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

धाकटीने वाद घातला नाही. ती सीटवर जरा तिरकी झाली, आपला चेहरा थोरलीला दिसत राहील अशी, आणि हॉस्पिटल येईपर्यंत तशीच बसून राहिली.